सिंगल-शॉट पॉइंट टू-टू किती टिकते? पन्नास मीटरवर नव्याने येणाऱ्यांसाठी

एअर रायफलवरून पॉइंट टू-टूवर, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलीवर, येणाऱ्या मुलांचे पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. नवी घ्यायची की जुनी? आणि घेतलेली किती वर्षं टिकेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परदेशातून आणलेली मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल दुचाकीपेक्षा महाग पडते, आणि ती घेताना घरात चार वेळा विचार होतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. त्याचा सराव इथलाच, पुण्यातल्या बालेवाडीचा. साहजिकच आपल्या पोरानेही आता ५० मीटरवर यावं असं अनेक घरांत वाटू लागलं आहे.

माझं उत्तर कायम एकच असतं. नळीची काळजी सोडा, बारीक भागांची करा. सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी, रिमफायर रायफल म्हातारी होते ती काडतूस बसतं त्या चेंबरच्या तोंडाशी, ते बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखांशी, स्प्रिंगांमध्ये आणि ट्रिगरमध्ये. जुनी असो वा नवी, तपासायचं तिथेच.

आधी समजून घ्या: झिजतं काय आणि का

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणलं, आणि आजही ५० मीटरवर तेच चालतं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. मऊ शिशाची आणि वरून मेणाचा किंवा ग्रीसचा थर. चेंबरमधला दाब जास्तीत जास्त दर चौरस इंचाला २४ हजार पौंडांच्या आसपास जातो. लष्करी रायफलींच्या काडतुसांत हाच आकडा ५०-६० हजारांच्या घरात असतो. दाब कमी, उष्णता कमी, गोळी मऊ. त्यामुळे चांगल्या पोलादाची नळी लाखभर राउंड झाडूनही कामाची राहू शकते. आठवड्यातून चार दिवस, रोज ८० राउंड, असा सराव धरला तरी वर्षाला १६-१७ हजार होतात. म्हणजे लाखाचा पल्ला गाठायला सहा-सात वर्षं. बहुतेक नवोदितांना काडतुसांच्या किमतीमुळे एवढं झाडणं परवडतही नाही.

नळी अजिबात झिजत नाही असं मात्र नाही. झीज होते ती चेंबरच्या लगेच पुढे, आणि जास्त करून तळाच्या बाजूला. अनेक रिमफायर काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे पहिली ठिणगी पाडणाऱ्या मसाल्यात, तो चटकन पेटावा म्हणून काचेची बारीक पूड मिसळलेली असते. ती तिथे घासत राहते. शिवाय कार्बनचं कडक कडं बसतं ते वेगळंच. जाणकार गनस्मिथ नळीचा तेवढा भाग कापून नवं चेंबर करून देतो, त्यामुळे नळी गेली म्हणजे रायफल संपली असंही नाही.

खरा मार बसतो तो चेंबरच्या तोंडावर. रिमफायर काडतुसात प्रायमर मध्यभागी नसतो. तो बुडाच्या कडेच्या पोकळीत गोल भरलेला असतो. ही कड जेमतेम एक मिलिमीटर जाड. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या तोंडावर चेपते आणि ठिणगी पडते. थोडक्यात, चेंबरचं तोंड इथे ऐरणीचं काम करतं. काडतूस आत असेपर्यंत घाव पितळेवर पडतो. चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर ओढला की काही रायफलींत पोलादावर पोलाद आदळतं. आजच्या बऱ्याच मॅच रायफलींत पिनचा प्रवास मोजून ठेवलेला असतो किंवा ड्राय, म्हणजे गोळी न झाडता करायच्या, सरावासाठी वेगळी सोय असते. पण ते गृहीत धरू नका, त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहा. एनसीसीतून येणाऱ्या मुलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण ड्राय प्रॅक्टिसची सवय त्यांच्या हातात भिनलेली असते. सवय उत्तम आहे, फक्त चेंबरमध्ये झाडलेलं रिकामं काडतूस हवं. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिश लावून ठेवा, म्हणजे भरलेल्या काडतुसात ते मिसळणार नाही. आणि दर वेळी थोडं फिरवून घाला, म्हणजे पिन चेपलेल्या जागीच पुन्हा पडणार नाही.

जुनी घराणी आणि त्यांचे आजचे वारस

सिंगल-शॉट रिमफायरची जुनी घराणी तीन-चारच आहेत. प्रत्येकाची दुखरी जागा वेगळी.

मार्टिनी हे त्यातलं सगळ्यात दणकट. हेन्री पीबडीच्या १८६२च्या पेटंटवरून स्विस अभियंता मार्टिनीने ते सुधारलं. चेंबर बंद करणारा, मागे खिळलेला ठोकळा लिव्हरने पुढच्या टोकाशी खाली झुकतो, की चेंबर उघडतं. याच धर्तीवर इंग्लंडच्या बीएसए कंपनीने पॉइंट टू-टू टार्गेट रायफली बनवल्या, आणि त्यांची मार्टिनी इंटरनॅशनल दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं स्पर्धांत गाजली. ती यंत्रणा मोडता मोडत नाही. अडचण साफसफाईची आहे. रायफलीची मागची बाजू बंद असल्यामुळे बहुतेक मार्टिनींत सफाईची सळई मागून सरळ घालता येत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती पुढच्या तोंडातून घालत आले. सळई तोंडाच्या कडेला घासते आणि नळीचं शेवटचं टोक, ज्याला क्राउन म्हणतात, ते एका बाजूने खाल्लं जातं. गोळी नळी सोडते तो शेवटचा स्पर्श तिथलाच. जुनी मार्टिनी समोर आली तर बाकी काही बघण्याआधी क्राउन बघा.

विंचेस्टर १८८५ ही जॉन ब्राउनिंगची कल्पना. पेटंट १८७९चं, हक्क विंचेस्टरने १८८३ मध्ये घेतले आणि १८८५ ते १९२० पर्यंत ती बनवली. हिचा ठोकळा झुकत नाही, सरळ खाली उतरतो. त्यामुळे मागून सळई जाते आणि क्राउन वाचतो. छोट्या काडतुसांसाठीची तिची बारीक अंगाची आवृत्ती म्हणजे लो वॉल. आज तिच्या प्रतिकृती जपानच्या मिरोकूने आणि इटलीच्या उबेर्तीने बनवल्या आहेत. या आधुनिक आवृत्त्यांचं पोलाद जुन्यापेक्षा नि:संशय सरस आहे. अंगच्या ताकदीचा प्रश्न तिथे मिटला.

स्टीव्हन्सची फेव्हरिट ही मुलांची रायफल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, हलकी आणि स्वस्त. जुन्या फेव्हरिटचं अंग मऊ धातूचं आणि लिव्हरच्या खिळ्या बारीक. वेगवान काडतुसं झाडत राहिलं की खिळ्यांची भोकं लांबोळी होतात, ठोकळा डुगडुगतो आणि काडतुसाच्या बुडाला नीट टेकत नाही. स्टीव्हन्स कंपनी १९२० मध्ये सॅव्हेजकडे गेली, आणि पुढे सॅव्हेजनेच ही रायफल नव्याने बनवली. नवीचं अंग भक्कम आहे. तरी सांधा तोच, म्हणून लिव्हर बंद केल्यावर ठोकळा बोटाने हलतो का, हे नव्यातही तपासावं.

या तिन्ही रायफली पुण्यात तुमच्या हाती क्वचित लागतील. आपल्याकडे रेंजवर दिसतात त्या बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या दट्ट्याने चेंबर बंद करणाऱ्या: अ‍ॅन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत काडतूस एकेक करूनच भरायचं असतं, म्हणून याही सिंगल-शॉटच. आणि आपल्यासाठी ‘जुन्या घराण्याची आधुनिक आवृत्ती’ म्हणाल तर ती अ‍ॅन्शुट्झच. कंपनी १८५६ची, युद्धानंतर जर्मनीतल्या उल्म शहरात नव्याने उभी राहिली. १९५०च्या दशकात तिने मॅच ५४ ही भरण्या-झाडण्याची यंत्रणा, म्हणजे अ‍ॅक्शन आणलं. १४१३, १६१३, १८१३, १९१३ अशी सुपर मॅच मॉडेलं त्याच पायावर आली. स्टॉक (कुंदा) लाकडाचा अ‍ॅल्युमिनियमचा झाला, ट्रिगर सुधारला, पिनचा प्रवास कमी झाला, पण मूळ अ‍ॅक्शन ओळखू येण्याइतकं तेच राहिलं. अर्धशतक जुनी १६१३ आणि नवी १९१३ शेजारी ठेवून दोन्हींचे बोल्ट बाहेर काढून पाहा. नातं डोळ्यांनी दिसतं. टिकाऊपणाचा याहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही.

कागदपत्रं आणि घाई

परवान्याशिवाय पॉइंट टू-टू घरात ठेवता येत नाही. पुणे किंवा पिंपरी-चिंचवड शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. वय २१ पूर्ण हवं. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. खेळाडूंसाठीच्या वेगळ्या तरतुदी संघटनेच्या शिफारशीवर अवलंबून असतात, त्या आपल्या क्लबमधून नीट समजून घ्या. तोपर्यंत क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिका. पहिल्या वर्षी स्वतःची रायफल नसणं ही अडचण नाही. शरीराची ठेवण, हातांची लांबी, स्टॉकचं माप हे सगळं त्या काळात ठरत जातं, आणि ते ठरण्याआधी घेतलेली रायफल विकावी लागते.

वापरलेली रायफल तपासताना

हे सगळं रेंजवरच, रेंज ऑफिसरच्या परवानगीने आणि रायफल मालकाच्या समोर. नळीचं तोंड टार्गेटकडे, बोल्ट उघडा, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री. मग पुढचं.

सुरुवात चेंबरच्या तोंडापासून करा. बोल्ट काढून ठेवा, छोटा टॉर्च आणि घड्याळजी वापरतो तसलं भिंग घ्या. तोंडाची कड सगळीकडून सारखी गोल दिसायला हवी. पिन जिथे पडते तिथे खळगा दिसतो का? खळगा असेल तर तेवढंच पोलाद आतल्या बाजूला उचकटलेलं असतं. डोळ्यांना शंका वाटली तर कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि कडेवरून हलकेच गोल फिरवा. कड गुळगुळीत असेल तर काडी सरकत जाते. उचकटलेल्या जागी कापसाचा एखादा धागा अडकतो आणि तिथेच लोंबत राहतो. असा धागा दिसला की समजा, या रायफलीवर रिकामं ड्राय खूप झालं आहे. काडतूस आत ढकलताना अडत असेल तर त्याचंही कारण बहुधा हेच. याला इलाज आहे. गनस्मिथकडे चेंबरची कड आतून दाबून जागेवर बसवणारं हत्यार असतं. मात्र स्वतः कानस लावू नका. कानशीने निघालेलं पोलाद परत येत नाही.

दुसरं, एक्स्ट्रॅक्टर. बोल्टच्या तोंडाशी दोन बाजूंना काडतुसाची कड धरणारी नखं असतात. एखादं झाडलेलं काडतूस बोल्टच्या तोंडात अडकवा आणि बोल्ट आडवा धरा. काडतूस सरळ राहायला हवं. मान टाकत असेल तर नखांची धार गेली आहे किंवा मागची स्प्रिंग थकली आहे. हे भाग आकाराने नखाएवढे आणि रायफलीच्या मानाने स्वस्त, पण ते त्याच मॉडेलचे मिळायला हवेत. म्हणूनच विकणाऱ्याला मी किमतीच्या आधी ‘सुटे भाग कुठून आणता?’ हे विचारते.

तिसरं, झाडलेली काडतुसं. दहा राउंड झाडा आणि दहाही रिकाम्या पुंगळ्या जमिनीवर पडू न देता गोळा करा. पिनचा ठसा दहाही ठिकाणी सारखाच खोल, स्पष्ट आणि कडेवरच हवा. एखादा उथळ, एखादा खोल असेल तर फायरिंग पिनची स्प्रिंग थकली आहे किंवा बोल्टमध्ये जुनं तेल घट्ट होऊन बसलं आहे. ठसा कडेच्या आत सरकलेला असेल तर पिनचं टोकच बिघडलेलं असू शकतं. टार्गेटवर त्याची खूण बहुधा उभ्या पसरलेल्या ग्रुपमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्यात, दिसते, कारण प्रायमर सारखा पेटला नाही की वेग कमी-जास्त होतो. राउंड फुटलाच नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. तोंड टार्गेटकडे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा आणि रेंज ऑफिसरला हाक मारा.

नळी आतून बघताना डोळ्यांपेक्षा हाताचा उपयोग जास्त. सळईच्या टोकाला घट्ट बसणारा फेल्टचा गोळा लावा आणि मागून हळू ढकला. पहिल्या दोन-चार इंचांत थोडा खरखरीतपणा लागला तर तो बहुधा कार्बनचा, सफाईने जातो. मध्येच सैल आणि पुन्हा घट्ट लागलं तर नळीत कुठे तरी फुगवटा असू शकतो, तिथे सौदा थांबवा. फार जुन्या, १९३०च्या आधीच्या नळ्यांत आणखी एक दुखणं असतं. तेव्हाच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मागे जे क्षार राहतात ते हवेतली ओल ओढतात आणि नळीला आतून खळगे पाडतात. शोभेची वस्तू म्हणून अशी रायफल सुंदर असेल, खेळण्यासाठी नाही.

ट्रिगरची परीक्षा प्रशिक्षकाकडून करून घ्या. मॅच ट्रिगर शंभर-दीडशे ग्रॅमवर सुटतो आणि नवशिक्याच्या बोटाला त्यातला बिघाड कळत नाही. बोल्ट बंद केल्यावर कुंद्याला तळहाताने हलकी थाप मारली तर ट्रिगर आपोआप सुटता कामा नये. एवढी एक गोष्ट, रिकाम्या चेंबरवर, तुमच्या समोर करून दाखवायला सांगा.

शेवटी ग्रुप. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. रायफल आधारावर ठेवून दहा-दहा राउंडचे पाच ग्रुप काढा, तेही निदान दोन वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपेच्या, काडतुसांवर. एका लॉटने वाईट गेली म्हणून रायफल वाईट ठरत नाही. रिमफायर काडतुसांबाबत प्रत्येक नळीची आवडनिवड खरोखरच वेगळी असते. ग्रुप सगळ्याच लॉटने पसरत असेल तर स्टॉकचे स्क्रू तपासून पुन्हा झाडा. तेवढ्यानेही किती तरी ‘बिघडलेल्या’ रायफली सुधारतात.

नवी घेताना

नवीन महागडी मॅच रायफल टिकते, याबद्दल मला शंका नाही. काळजी वाटते ती मधल्या किमतीच्या, जुन्या रूपाच्या नव्या रायफलींची. त्यांत ट्रिगरचे आणि एक्स्ट्रॅक्टरचे भाग पोलाद तासून केलेले नसतात, ते साच्यात घडवलेले असतात. साचा वाईट असतोच असं नाही, पण घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागावर साच्याची रेघ राहिली असेल तर ट्रिगर खरखरतो. कधी कधी अंग हलक्या मिश्रधातूचं असतं आणि वरून पोलादासारखा रंग दिलेला असतो. खिशात एक छोटं चुंबक ठेवा, उत्तर लगेच मिळतं. मिश्रधातूचं अंग एवढ्या कमी दाबाला पुरतं. पण स्क्रूचे आटे त्यात लवकर सैल होतात, आणि मॅच रायफलीत स्क्रू वारंवार सोडावे लागतात.

माझं मत विचाराल तर नीट सांभाळलेली जुनी १६१३ किंवा १८१३ ही नवशिक्यासाठी मधल्या किमतीच्या नव्या रायफलीपेक्षा सरस. एका अटीवर: फायरिंग पिन, तिची स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टरची जोडी हे तीन भाग रायफलीबरोबर जादा मिळाले पाहिजेत.

पुण्याचा पावसाळा

जून ते सप्टेंबरमध्ये रायफलीला जेवढा त्रास होतो तेवढा उरलेल्या वर्षभरात होत नाही. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तिचीच पेटी. आतला फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून दमट हवेतून आणलेली रायफल तशीच पेटीत बंद केली की जिथे फोम टेकतो तिथे गंज धरतो, आणि तो स्टॉकखाली लपलेल्या भागावर असेल तर महिनोन्‌महिने दिसतही नाही. घरी आल्यावर पेटी उघडी ठेवा, रायफल पुसा, धातूवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि मग परवान्याच्या अटींप्रमाणे कुलूपबंद ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका आणि रंग बदलला की बदला. एसी खोलीतून रायफल थेट दमट हवेत काढली तर थंड धातूवर पाणी जमतं. ती पेटीतच थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा.

लाकडी स्टॉक या दिवसांत फुगतो आणि अ‍ॅक्शनच्या स्क्रूचा ताण बदलतो. छोटा टॉर्क पाना विकत घ्या. असली हत्यारं शोधायला बोहरी आळी आहेच. कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर स्क्रू आवळा, अंदाजाने नाही. अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक फुगत नाही, आणि पुण्याच्या हवेत ही त्याची मोठी जमेची बाजू.

सफाई मागून, सळईला मार्गदर्शक नळी लावून. शिशाच्या गोळीने तांबं साचत नाही, त्यामुळे तांबं काढणारी जहाल द्रावणं लागत नाहीत. फेल्टचे गोळे आणि साधं द्रावण पुरतं, ब्राँझचा ब्रश क्वचितच. ट्रिगरमध्ये तेल सोडू नका, त्यात धूळ बसून चिकटा होतो. आणि काम झाल्यावर, वडापावला हात लावण्याआधी, साबणाने हात धुवा. गोळीतलं आणि प्रायमरमधलं शिसं बोटांना लागलेलं असतं.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, झाडलेले राउंड, काडतुसाचा लॉट, न फुटलेले राउंड, बदललेला भाग. न फुटलेल्या राउंडचं प्रमाण एकाच लॉटमध्ये वाढलं तर काडतुसांवर संशय घ्या. लॉट बदलूनही वाढत राहिलं तर बोल्ट उघडून साफ करून घ्या, आणि तरीही थांबलं नाही तर फायरिंग पिनची स्प्रिंग बदला. स्प्रिंग बदलल्यावर झिरो, म्हणजे साइटचा जुळवलेला नेम, सरकू शकतो. म्हणून हे काम स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी करा आणि नव्या स्प्रिंगवर पुन्हा पाच ग्रुप काढून वहीत जुन्यांच्या शेजारी चिकटवा.